कव्हरेज शंभर टक्के, म्हणून कोड दर्जेदार?

सॉफ्टवेअर क्षेत्रात एक विधान सर्रास केले जाते: फंक्शन्स (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) आटोपशीर असली, मांडणी नीटनेटकी असली, टेस्ट कव्हरेज (चाचण्यांत कोडचा किती भाग चालला त्याचे प्रमाण) शंभर टक्के असले आणि कोड काही वर्षे विनातक्रार चालला असला, की तो दर्जेदार समजावा. यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. परंतु त्यांची बेरीज म्हणजे दर्जा, हे मान्य करता येत नाही.

आधी नीटनेटकेपणा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयओएसमधला एक गंभीर दोष दुरुस्त केला. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (म्हणजे थेट ‘फेल’ नावाच्या भागाकडे उडी मार) ही ओळ दोनदा आली होती. दुसरी ओळ इंडेंटेशनमुळे, म्हणजे आत सरकवून लिहिल्यामुळे, वरच्या अटीच्या पोटातली वाटे, प्रत्यक्षात ती अटीबाहेर होती. त्यामुळे डिजिटल सहीची पडताळणी टळत असे आणि तरीही ती यशस्वी झाल्याचे उत्तर मिळे. (कधीच न चालणारा कोड दाखवून देणारा कंपायलरचा (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाचा) इशारा चालू असता तर ही चूक पकडता आली असती; साधनांवर माझा राग नाही.)

कव्हरेजवर फार बोलायला नको. कोणत्या ओळी चालल्या एवढेच ते सांगते. सरासरी काढणाऱ्या फंक्शनला तीन संख्या देणारी एकच टेस्ट सगळ्या ओळी चालवू शकते. रिकामी यादी आली की तेच फंक्शन शून्याने भागू पाहते.

सर्वांत फसवा मुद्दा मात्र ‘वर्षानुवर्षे चाललेल्या’ कोडचा. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण चाळीस सेकंदांच्या आसपास संपले. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान ४ या आधीच्या रॉकेटवरून घेतलेले होते आणि तिथे ते उत्तम चालले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच अधिक असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही आणि त्या यंत्रणेचा संगणक बंद पडला. राखीव संगणकात तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे तो त्याच कारणाने आधीच बंद पडलेला होता. त्याहून विचित्र बाब म्हणजे, ही आकडेमोड करणाऱ्या भागाची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती.

ही निव्वळ निष्काळजी नव्हती. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून असा धोका असलेल्या सातपैकी तीन व्हेरिएबल्सना (कोडमधल्या बदलत्या संख्यांना) संरक्षण न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला गेला होता, आणि एरियान ४ च्या मार्गापुरता तो बरोबरही ठरला. चौकशी समितीला त्या निर्णयाचे कारण सोर्स कोडमध्ये कुठेही आढळले नाही, आणि नव्या मार्गाची आकडेवारी देऊन यंत्रणेची चाचणीही झालेली नव्हती. म्हणजे कोडचे एक अक्षरही न बदलता त्याचा दर्जा बदलला, कारण ज्या गृहीतकावर तो उभा होता ते नव्या ठिकाणी खोटे ठरले.

मग व्यवस्थापकांना कोणता आकडा दाखवायचा, असे विचारले जाते. कव्हरेजचा आकडा जरूर दाखवावा. परंतु हा कोड कोणत्या मर्यादांत बरोबर आहे, ते कुठे लिहिले आहे आणि ती मर्यादा ओलांडली तर कोणती टेस्ट नापास होईल, ही उत्तरे कोडच्या रिव्ह्यूमध्ये त्या आकड्याच्या आधी मागावीत.