विमान चालतं, रेल्वेचं कारण द्या!

आज माझं बिल तिसऱ्यांदा परत आलं. पुणे-नागपूर-पुणे, थर्ड एसी. अकाउंट्सचा शेरा एका ओळीचा: "रेल्वेने प्रवास करण्याचे कारण नमूद करावे." विमानाने गेले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. बोर्डिंग पास जोडा, सही करा, पैसे खात्यात.

कारण? अहो, माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'सस्टेनेबिलिटी' लिहिलंय, म्हणजे पर्यावरण सांभाळायचं खातं, तेच कारण! कार्ड तुम्हीच छापून दिलंय, वर चकचकीत लॅमिनेशन चढवून.

फोन केला तर पलीकडचा मुलगा बिचारा गोड बोलतो. "मॅडम, तुमच्या ग्रेडला विमान एलिजिबल आहे. तुम्ही कमी खर्च केलाय, पण सिस्टिममध्ये ते बसत नाही." म्हणजे मी पैसे जास्त मागितले असते तर बसलं असतं. कमी मागितले, तर काहीतरी काळंबेरं असणार!

आणि गंमत बघा. वर्षाअखेरीस हीच सगळी विमानं मोजायची कोणी? मीच. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्यात पहिल्या हजारात येणाऱ्या कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दलची जबाबदारी कशी पाळली ते सांगणारा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून माझ्यासारख्यांना बरे दिवस आले म्हणतात. त्यात कंपनीमुळे हवेत जाणारा कार्बन तीन खात्यांत मोजतात. स्कोप एक म्हणजे आपल्या आवारात जळतं ते, बॉयलर, जनरेटर वगैरे. स्कोप दोन म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप तीन म्हणजे बाकीचा सगळा पसारा, त्यातच कर्मचाऱ्यांचा कामासाठीचा प्रवास. स्कोप तीन अजून ऐच्छिक आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी मात्र भरते. मी वापरते त्या भारतातल्या तक्त्यात रेल्वेला माणशी दर किलोमीटरला ८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात आणि देशांतर्गत विमानाला १२० ग्रॅमच्या घरात. नागपूरला रेल्वे लांबून, मनमाड-भुसावळवरून वळसा घालून जाते, जवळपास ८९० किलोमीटर. तरी एका बाजूचे सात किलो. विमान सरळ सहाशे किलोमीटर उडतं आणि सत्तरच्या वर जातं. दहापट! हा हिशोब मी स्लाइडवर हिरव्या अक्षरांत दाखवला होता. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणारे साहेब त्याच संध्याकाळच्या विमानाने परत गेले, आणि ते तिकीट मंजूर करायला सिस्टिमला दोन मिनिटं लागली.

बरं, गेले होते कशाला? नागपूरजवळ बुटीबोरीला, एका कारखान्याचा डेटा तपासायला. गेटवरच स्वागताचा फ्लेक्स, त्यावर पृथ्वी, पृथ्वीला दोन हात आणि हातांत रोपटं. मीटिंग रूममध्ये प्रत्येक खुर्चीसमोर दोनशे मिलीची पाण्याची बाटली. १ जुलै २०२२ ला प्लास्टिकबंदी आली तिच्या यादीत स्ट्रॉ आहेत, चमचे आहेत, मिठाईच्या खोक्यावरचं आवरणसुद्धा आहे. बाटली नाही. म्हणून ती टेबलावर निर्धास्त उभी. मी माझी स्टीलची बाटली काढली तर एक साहेब हसून म्हणाले, "घरचं पाणी आणलं वाटतं?" उठताना मोजलं. अकरा बाटल्या फोडलेल्या, पूर्ण प्यायलेल्या दोन.

मग जनरेटरच्या डिझेलचं रजिस्टर आलं. एप्रिल ४०० लिटर. मे ४००. जून ४००. मार्चपर्यंत ४००, तेही एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखं. लिटरमागे २.७ किलो धरलं तर महिन्याला टनभर उत्सर्जन, काट्यावर तोलल्यासारखं. मी म्हटलं, "दादा, पावसाळ्यात एवढी लाइट जाते, तरी आकडा हलत कसा नाही?" तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मागच्या ऑडिटले हाच चालला होता ना!" मला त्याचा राग आला नाही, खरंच. त्याला कुणी सांगितलंच नाही की हा आकडा कशाला लागतो. राग आला तो मागच्या वर्षी यावर बरोबरची खूण करून गेलेल्या माझ्याच जातभाईचा. तो बहुतेक सकाळच्या विमानाने आला असेल आणि दुपारच्या विमानाने परत जायचं असेल. रजिस्टर उलटायला वेळ कुठला?

शेवटी झाड लावायचं. लावल्याशिवाय सोडतच नाहीत. ५ जूनचा पर्यावरण दिन आठवड्यावर आलेला, त्याची रंगीत तालीम माझ्यावर. विदर्भात तेव्हा डांबर चपलेला चिकटतं, पाऊस यायला दोन-तीन आठवडे, आणि हे गुलमोहर लावतायत. काळी पिशवी न काढता! मी वाकून पिशवी फाडायला लागले तर फोटोवाला ओरडला, "मॅडम, इकडे बघा." खड्ड्याच्या तळाशी गेल्या वर्षीच्या काळ्या पिशवीची चिंधी होती. झाड नव्हतं.

आता खरं तेही सांगते, नाहीतर नातेवाईक सांगतीलच. स्टेशनवरून बुटीबोरीपर्यंत मी टॅक्सीने गेले. एसटी गावापर्यंत नेते, तिथून एमआयडीसीच्या त्या शेडपर्यंत भर उन्हात चालत जायची माझी छाती झाली नाही. ड्रायव्हरकाका दिवसभर गेटबाहेर एसी लावून, इंजिन चालू ठेवून बसले आणि मी त्यांना गाडी बंद करा म्हणाले नाही. ४४ डिग्रीत कुठल्या तोंडाने म्हणणार? पण घरी लग्नकार्यात हा विषय निघाला की ज्याने आयुष्यात वीजबिलाचा मागचा भाग वाचला नाही तो आत्तेभाऊ विचारतो, "मग तू टॅक्सीत बसतेस ते चालतं का गं पर्यावरणाला?" आम्ही काय ते सोवळ्यातच राहायचं, बाकीच्यांना मोकळं रान.

असो. चौथ्यांदा बिल भरायला बसले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "विमानाचा धूर मलाच मोजावा लागतो." सिस्टिमने लाल अक्षरांत सांगितलं, यादीतलं कारण निवडा. यादीत तीनच कारणं: विमान उपलब्ध नव्हते, तातडीची सेवा, वैद्यकीय.

वैद्यकीय निवडलं. लगेच मंजूर. आता डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतायत.