मोठा हात दाबून ठेवायचा म्हणे!

‘मोठा हात लागला की गप्प बसा, चेक करत राहा. समोरच्याचा ड्रॉ पुरा होऊ द्या, मग त्याला जाळ्यात ओढा.’ पोकरची ‘पाच गुपितं’ सांगणारा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, त्यातलं हे गुपित नंबर एक. पहिल्यांदा आला तेव्हा मी वाचून सोडून दिला होता. पण परवा भाच्याने तोच पाठवला, वर स्वतःची पुस्ती जोडून: ‘मावशी, आपण इतके दिवस उलटंच खेळत होतो.’ नाही रे बाबा, उलटं आत्ता खेळायला लागशील.

मुळात वाक्य तरी नीट वाचा. चेक म्हणजे पैज न लावता पुढे जाणं, आणि ड्रॉ म्हणजे हवा तो पत्ता आला तरच पुरा होणारा अर्धवट हात. समोरच्याचा ड्रॉ पुरा झाला म्हणजे, समजा, त्याचा फ्लश झाला, पाचही पत्ते एकाच रंगाचे, सगळे इस्पिक वगैरे. तुमच्याकडे सेट आहे, म्हणजे तीन सारखे पत्ते. फ्लश सेटला मारतो. मग जाळ्यात कोण सापडलं? लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही, पुढे पाठवणाऱ्यांनाही नाही.

एक हात समोर मांडू. डाव होल्डेमचा: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि बोर्डावर सगळ्यांचे मिळून पाच. त्यातले पहिले तीन म्हणजे फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा आणि शेवटचा रिव्हर. तुमच्याकडे चौकट आणि किलवरची अठ्ठी. फ्लॉप: इस्पिक राजा, इस्पिक अठ्ठी, बदाम तिर्री. समोरच्याकडे इस्पिकचा एक्का आणि गुलाम. म्हणजे तुमचा सेट झालाय आणि त्याला फ्लशसाठी एक इस्पिक हवंय. रिव्हरपर्यंत धरलं तर हा हात तुम्ही साधारण 74 टक्के वेळा जिंकता. टर्नला येते बदाम दुर्री, कोणाच्याच कामाची नाही. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या गल्ल्यात, 100 चिप्स आहेत.

त्याला वाटतं आपल्याला नऊ इस्पिकं चालतील. चालतात सातच. इस्पिकची दुर्री किंवा तिर्री आली तर त्याचा फ्लश होतो, पण बोर्डावर जोडी पडून तुमचं फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) होतं, आणि ते फ्लशला मारतं. त्या पत्त्यावर तो खुशीत सगळ्या चिप्स पुढे सारतो आणि मग तुमचे पत्ते बघून गप्प होतो. दोघांचे पत्ते माहीत धरले तर उरतात 44 पत्ते, त्यातले त्याच्या कामाचे 7. सुमारे 16 टक्के.

आता हिशोब. सोपा करण्यासाठी रिव्हरला पुढे पैज लागत नाही असं धरू. तुम्ही चेक केलंत, त्यानेही केलं, तर 100 च्या पॉटमधला तुमचा वाटा सरासरी 84. उरलेल्या 16 चिप्स तुम्ही त्याला फुकट दिल्यात. तुम्ही 60 ची पैज लावलीत आणि तो पडला, म्हणजे पत्ते टाकून फोल्ड झाला, तर तुम्हाला पूर्ण 100. आणि त्याने कॉल केला, म्हणजे तेवढ्याच 60 घातल्या, तर पॉट 220 चा होतो, त्यातला तुमचा वाटा 185. घातलेल्या 60 वजा करा, राहिल्या 125. म्हणजे तो पडला तरी तुमचा फायदा, थांबला तर आणखी फायदा. तीन वाटांपैकी सगळ्यात वाईट कोणती, तर मेसेजमध्ये ‘गुपित’ म्हणून दिलेली.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. पोकरवर पुस्तकं लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कीने पोकरचा जो मूलभूत सिद्धांत मांडला त्याचा सार इतकाच: तुमचे पत्ते उघडे दिसत असते तर समोरचा जसा खेळला असता, त्यापेक्षा वेगळं खेळायला तुम्ही त्याला लावलंत की तुमचा फायदा. 220 च्या पॉटसाठी 60 घालायला त्याला निदान 27 टक्के संधी हवी. त्याच्याकडे 16 आहे. तुमचे पत्ते दिसले असते तर त्याने कॉल केलाच नसता. चेक करून तुम्ही त्याला चूक करायची संधीच देत नाही. त्याला सापळा म्हणणाऱ्याने निदान कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

गुपित नंबर दोन पहिल्याच्या बरोबर उलट आहे, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही: ‘ड्रॉवाल्याला घाबरवून पळवा, थेट ऑल-इन.’ म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पुढे. वरचेच आकडे बघा. पळाला तर 100, योग्य पैजेला थांबला तर 125. त्याला पळवायचं कशाला? तो थांबायलाच हवाय, फक्त किंमत मोजून. 100 च्या पॉटमध्ये हजार चिप्स ढकलल्यात तर ड्रॉवाले पडतील आणि कॉल करायला उरेल तो तीन राजेवाला.

तिसरं: ‘छोटीशी पैज लावा, पॉटच्या दहा टक्के, म्हणजे तो जाळ्यात राहील.’ हो, राहील, आणि त्याचं राहणं शंभर टक्के बरोबरही असेल! 100 मध्ये 10 लावल्यात तर त्याला 8.3 टक्के संधी पुरते. मधला एकच पत्ता हवा असलेला स्ट्रेट (लागोपाठचे पाच पत्ते), ज्याला जेमतेम चार पत्ते चालतात, तोसुद्धा रिव्हरला 8.7 टक्के वेळा लागतो. म्हणजे असल्या फाटक्या ड्रॉलाही तुम्ही रास्त भावात तिकीट काढून देताय. सेट वगैरे डोक्यात न धरता, नऊच्या नऊ पत्ते चालतील अशा फ्लश ड्रॉला टर्नवर पॉटच्या एक तृतीयांशाहून कमी पैज म्हणजे कॉल बरोबरच. अर्ध्या पॉटच्या पुढे जा, मग बघू.

याच मुद्द्याला जोडून एक चलाखी केली आहे: ‘फ्लश ड्रॉ 35 टक्के लागतो, त्यामुळे तो कॉल करणारच, फ्लॉपला एक पैज पुरे.’ आकडा खरा आहे. पण तो दोन पत्त्यांचा आहे, टर्न आणि रिव्हर मिळून. फक्त टर्नला 19 टक्के. तुम्ही फ्लॉपला पैज लावून टर्नला हात आखडलात तर त्याने एका पत्त्याचे पैसे भरून दोन पाहिले. माझ्या पाहण्यात चांगले खेळणारेही इथेच ढिले पडतात. पॉट मोठा झालाय, मन कचरतं, ‘बघू रिव्हरला’ म्हणून टेबलावर बोट टेकवतात. त्या बोटाची किंमत वर काढलीच आहे.

चौथं, ‘तिसरं इस्पिक दिसलं की डोळे मिटून फोल्ड’. डोळे उघडे ठेवा. ते टर्नला आलं आणि तुमचा सेट असेल, तर रिव्हरला फुल हाउस किंवा चार अठ्ठ्या करणारे 10 पत्ते उरलेले असतात, जवळपास 22 टक्के. समोरची पैज केवढी आहे ते बघून ठरवायचं, एवढंच.

पाचवं, ‘ड्रॉ नेहमी लागतोच’. यावर लिहिण्यासारखं फार नाही. फ्लश आणि दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट एकत्र असेल तर 15 पत्ते चालतात आणि फ्लॉपवरून तो 54 टक्के वेळा लागतो, हे खरं. तुमच्याकडे नुसती जोडी असेल तर तिथे सांभाळून. पण त्या एका प्रकारावरून ‘नेहमी’?

आता जे मान्य करायला हवं ते करते, नाइलाजाने. माझ्या हिशोबात रिव्हरला पैज धरली नव्हती. खऱ्या डावात फ्लश झाला की तो पैज लावणार. लागेल त्या प्रत्येक वेळी तुम्ही त्याला आणखी सुमारे 157 चिप्स मुकाट्याने देत असाल, तर त्याचा टर्नचा कॉल फिटतो. तेव्हा टर्नला किंमत वसूल करायची आणि रिव्हरला ‘त्याला लागलं नसेल’ म्हणून हट्टाने कॉल करत बसायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही. (दुर्री-तिर्रीच्या वेळी तो तुम्हाला देतो, ते वेगळं.)

दुसरं, दाबून खेळायची जागा असते. राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे, तिथे ड्रॉच नाही. फुकट पत्ता दिला तरी फारसं बिघडत नाही. फ्लॉपलाच फुल हाउस झालं असेल तर समोरच्याला फ्लश लागू दे की, आनंदच आहे. आणि रिव्हरला इस्पिक आलंच नाही, तर ड्रॉवाल्याच्या हातात एक्क्याशिवाय काही नाही. तुमच्या पैजेला तो कॉल करणार नाही. तिथे चेक करा. हरलेला ड्रॉ घेऊन बसलेला माणूस पुष्कळदा तिथेच थाप मारतो. मेसेजवाल्याचा सापळा चालतो तो इथे, शेवटच्या पत्त्यानंतर, जेव्हा त्याला लागायचं काही उरलेलं नसतं. टर्नवर नाही.