टक-टक की टुक-टुक?

गाडीचा आवाज मेकॅनिकसमोर कधीच येत नाही. घरापासून प्रत्येक स्पीडब्रेकरला टक-टक करत आलेली माझी ११ वर्षांची गाडी गॅरेजचं फाटक ओलांडताच, वर्गात साहेब तपासणीला आल्यासारखी गप्प झाली. मग तोंडाने आवाज काढून दाखवणं आलं. "टक-टक की टुक-टुक, सर?" मेकॅनिकने गंभीरपणे विचारलं. मी दोन्ही काढले. त्याने कामावरच्या पोरांना हाक मारली, "ए, इकडे या रे. सर, परत एकदा."

निदान झालं: पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, वर बुश. मजुरी धरून १६ हजार. "माझी जबरदस्ती नाही हां सर, गाडी तुमची. पण फॅमिलीला घेऊन घाटात जाऊ नका." या वाक्यापुढे भलेभले पाकीट काढतात. मी "विचार करून सांगतो" म्हणालो, म्हणजे मेहुण्याला विचारून.

मेहुणा बँकेत आहे, पण गाडीतलं त्याला सगळं कळतं. "चाकाच्या वरचा कोपरा जोरात दाबून सोड. शॉकअप गेला असेल तर गाडी डोलत राहते. चांगला असेल तर एकदा वर येऊन थांबते." संध्याकाळी पार्किंगमध्ये दाबली. वॉचमन धावत आला, "काका, धक्का मारू का?" गाडी ढिम्म. म्हणजे शॉकअप ठणठणीत, नाहीतर माझ्यात जोर नाही.

मेहुण्याचा दुसरा नियम, जुना पार्ट मागून घ्यायचा. तो मी सहा वर्षं पाळतोय. बाल्कनीत अख्खी गोणी भरलीय. त्यातलं माझ्या गाडीचं काय आणि शेजारच्या रिक्षाचं काय, देव जाणे. पण मागताना चेहऱ्यावर जाणकाराचा भाव आणता येतो.

शेवटी पुण्यातली नाना पेठ गाठली. स्पेअर पार्टच्या दुकानांमागे एक चाचा काम करतात. त्यांनी मला आवाज काढू दिला नाही. गाडी जॅकवर घेतली, चाकामागे हात घालून बोटाएवढी जाड दांडी हलवली. टक-टक! अगदी माझाच आवाज.

"लिंक रॉड. फिटिंगसकट ८००."

"आणि शॉकअप?"

"तेल कुठं गळतंय? कोरडे आहेत."

"ब्रेक पॅड?"

"सहा एमएम जाड आहेत. तीनला आले की बदलू."

"ऑइल काळं झालंय हो."

"घाण धरून ठेवायचं कामच आहे त्याचं. किलोमीटर बघा साहेब, रंग काय बघता?"

१६ हजारांची तयारी करून निघालेला माणूस ८०० देऊन सुटला, तर त्याने पेढे वाटावेत. मला घाम फुटला. जास्त सांगणारा लुटतोय, एवढं तरी कळतं. काहीच नको म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे, ते कसं ओळखायचं?

रात्री साडेबाराला उठून मेहुण्याला मेसेज केला, "सहा एमएम पुरतात का रे?"

उत्तर लगेच आलं. तोही जागाच होता. त्याच्या गाडीत टुक-टुक सुरू झालं होतं.