मेलेल्याचं सोडा, जिवंताचं बोला

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र वठवत खेळायचा खेळ. तो खेळवणाऱ्याला, म्हणजे मला, ड्रॅगन आवरणं जड जात नाही. जड जातो तो नुकतंच पात्र मेलेला खेळाडू. पात्र बिचारं मुकाट पडून राहतं. हा समोर बसलेला असतो, आणि सत्र संपायला अजून तीन तास असतात.

पाचव्या आवृत्तीत मरणसुद्धा हप्त्याहप्त्याने येतं. हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या अंगातला उरलेला जीव, शून्यावर आले की दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर पास, नाहीतर नापास. तीनदा नापास झालात की संपलात. एक पडला तर दोन नापास एकदम. आमच्या जादूगाराचा एकदा नापास होऊन झाला होता. पुढचा फासा घरंगळत वहीच्या कडेला टेकला. सगळी डोकी खाली वाकली. एक!

"तिरका आहे, धरायचा नाही," मयत म्हणाला.

रिव्हिव्हिफाय मंत्राने मेलेला उठतो, पण मिनिटाच्या आत, आणि 300 सुवर्णनाण्यांचा हिरा खर्ची घालून. हिरा पुजारीणबाईंकडे होता. "पुढे कुणाला लागला तर?" बाई म्हणाल्या. रेझ डेड या दुसऱ्या मंत्राला दहा दिवसांची सवलत, पण हिरा 500चा. आमच्या चोराने हिशेब मांडला: नवं पात्र फुकट येतं. मग त्याने मयताची पोतडी उघडली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाताना निदान त्याच्याकडे पाठ तरी करावी!

जुने खेळ याबाबतीत सरळ होते. ट्रॅव्हलर या अशाच, पण अंतराळातल्या खेळाच्या 1977च्या आवृत्तीत पात्र तयार होता होताच मरू शकायचं. नोकरीच्या वर्षांत जगण्याचा फासा चुकला, की कागद टाका, नवा घ्या. जीव जडायला सवडच नाही.

मयताला गुंतवायला मी शत्रूपक्षातला एक गॉब्लिन, म्हणजे फुटकळ राक्षस, चालवायला दिला. त्याने तो वाटेतले तिघे टाळून थेट पुजारीणबाईंच्या अंगावर घातला.

"गॉब्लिनचं माझ्याशी काय वैर?"

"त्याला हिरे आवडतात."

पुढच्या सत्राला मयताचा जुळा भाऊ हजर. नावात एका अक्षराचा फरक, टोपी तीच. आल्या आल्या त्याने पोतडी मागितली. चोर म्हणाला, "वारस कशावरून?" दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी नियमपुस्तक उघडलं. ड्रॅगनची फुंकर किती फूट जाते ते लगेच सापडलं.