मार्कंड्या डोंगर : आपल्या दोन आक्षेपांविषयी

सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातील वणीजवळच्या मार्कंड्या डोंगराविषयीच्या माझ्या लेखाबद्दल आपले दोन आक्षेप आहेत. सप्तशृंगीची मान समोरच्या मार्कंड्यावरून मार्कंडेय ऋषी करत असलेले देवीमाहात्म्याचे पठण ऐकण्यासाठी कललेली आहे, ही दंतकथा मी इतिहासाच्या पंगतीत बसवली, हा पहिला. आणि हाच डोंगर म्हणजे राष्ट्रकूट राजांचे ठाणे मयूरखंडी, असे बेधडक लिहिले, हा दुसरा. दुसरा मला पूर्णपणे मान्य आहे, म्हणून आधी तोच घेतो.

राष्ट्रकूट राजा तिसऱ्या गोविंदाचा शके ७३० चा, मयूरखंडीहून दिलेला दानाचा ताम्रपट वणी परिसरात मिळाला. वणीच्या उत्तरेला मार्कंड्याचा किल्ला आहेच. तेव्हा ही जवळीक आणि नावातले साम्य पाहून प्राच्यविद्या अभ्यासक ब्यूलर यांनी मयूरखंडी येथे असल्याचे अनुमान केले आणि मी ते निष्कर्ष म्हणून उचलले. वास्तविक ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरी राहतो, देणाऱ्याच्या नव्हे. त्याच राजाचा मयूरखंडीहूनच दिलेला दुसरा ताम्रपट गुजरातेत राधनपूरला सापडला आहे. सापडण्याच्या जागेवरून राजाचे ठाणे ठरवायचे, तर मयूरखंडी तिकडेही न्यावी लागेल. शिवाय मयूरखंडी म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याणजवळची मोरखंडी, हा पक्षही अभ्यासकांनी मांडलेला आहे, आणि त्याचा साधा उल्लेखही मी केला नव्हता.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. देवीमाहात्म्य, म्हणजेच सप्तशती, हे मार्कंडेय पुराणाचे ८१ ते ९३ हे तेरा अध्याय. त्यात मेधा ऋषी सुरथ राजाला आणि समाधी वैश्याला कथा सांगतात, आणि वणीच्या या डोंगरांचा त्यात कुठेही उल्लेख नाही, हे आपले म्हणणे बरोबरच आहे. पण कथा पुराणातून आली, असे मी लिहिलेच नव्हते. ती येथे डोळ्यांसमोर जे दिसते त्यातून आली आहे. सप्तशृंगीच्या गडाच्या पूर्वेला खोल दरी, दरीपलीकडे मार्कंड्या, गडावर अठरा भुजांची, मान किंचित कललेली देवी, आणि नवरात्रात घरोघरी होणारा सप्तशतीचा पाठ : एवढे सगळे समोर असताना ऐकणारी आणि ऐकवणारा यांची नाती भाविकांनी जुळवली, यात नवल नाही. ऋषी तेथे राहत होते याचा हा पुरावा नव्हे. मात्र दोन डोंगर लोकांनी एकाच क्षेत्राचे भाग मानले, हे या कथेशिवाय समजत नाही.

‘मयूरखंडी ती हीच’ हे वाक्य मी काढले असून तेथे ब्यूलर यांचे मत आणि मोरखंडीचा पक्ष असे दोन्ही दिले आहेत. देवीच्या कललेल्या मानेचा परिच्छेद तसाच आहे. फक्त त्याच्या आरंभी ‘भाविक मानतात की’ हे शब्द घातले आहेत, जे खरे तर पहिल्यापासूनच हवे होते.