पॅरासेल्ससच्या आधीची जर्मन औषधी पुस्तकं

‘पॅरासेल्सस (सोळाव्या शतकातला जर्मनभाषक वैद्य) म्हणजे जर्मनीचा ज्ञानेश्वर’ असा एक मजकूर सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तोवर वैद्यक लॅटिनमध्ये कुलूपबंद होतं. 1527 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठात त्याने ते जर्मनमध्ये शिकवलं आणि गरिबाच्या हाती औषध आलं. लोकभाषा डॉक्टरांना सलली, म्हणून त्यांनी त्याला हाकललं.

कुलपाचं आधी बघू. पॅरासेल्ससचा जन्म 1493 च्या सुमाराचा. आउग्सबुर्गमध्ये मेटलिंगरचं तान्ह्या मुलांच्या संगोपनाचं आणि दुखण्यांचं जर्मन पुस्तक 1473 मध्येच छापून झालं होतं. 1477 मध्ये न्यूरेंबर्गच्या कोबेर्गरने ऑर्टोल्फचं औषधांचं पुस्तक काढलं. ते मुळात व्यूर्त्सबुर्गला 1280 च्या आसपास लिहिलेलं. ज्ञानेश्वरी 1290 ची. तुलनेची हौसच असेल तर ऑर्टोल्फ घ्या, निदान काळ तरी जुळेल.

आणि 1485 मध्ये माइन्झला पेटर शोफरने, म्हणजे युरोपात छापखाना आणणाऱ्या गुटेनबर्गच्या जुन्या सहकाऱ्याने, छापलेला ‘गार्ट डेर गेझुंटहाइट’, आरोग्याची बाग. प्रकरणं 435. प्रत्येकात वनस्पतीचं नाव, ती उष्ण की थंड, कोरडी की ओली (आपल्या आजीला हे वेगळं सांगावं लागलं नसतं), मग कशावर चालते. शेवटी रोगवार सूची, म्हणजे डोकं दुखत असेल तर थेट तिथूनच शोधायचं. चित्रं खरीखुरी हवीत म्हणून चित्रकाराला घेऊन पवित्र भूमीपर्यंत प्रवास केल्याचं प्रस्तावना सांगते. तरीही मँड्रेकच्या, म्हणजे माणसासारखं मूळ असल्याचं मानल्या गेलेल्या वनस्पतीच्या, मुळाच्या जागी बाई आणि बुवा काढलेले आहेतच! त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या शोन्स्पेर्गरने पुस्तकाची सरळ नक्कल छापली. खपणार नाही असा माल इतक्या घाईने कोण चोरतो?

गरिबाच्या हाती? इथे मी फक्त अर्धा हो म्हणेन. शेकडो लाकडी ठशांचं जाडजूड पुस्तक शेतमजूर विकत घेत नव्हता, आणि मिरी, आलं, केशर घातलेला काढा तर त्याला मुळीच परवडत नव्हता. पण मग बाझेलच्या वर्गातही गरीब बसले नव्हते, विद्यार्थी होते. विद्यापीठात उभं राहून जर्मनमध्ये शिकवण्याचं धाडस पॅरासेल्ससचं, ते श्रेय त्याला बिनशर्त.

राहिले डॉक्टर. ‘गार्ट’चा मजकूर जुळवणारा योहान वोनेके हा फ्रँकफर्टचा नगरवैद्य. 1513 मध्ये सुईणी आणि गर्भवतींसाठी जर्मन पुस्तक लिहिणारा रोस्लिनसुद्धा वैद्यच. लोकभाषा सलणारी माणसं असली पुस्तकं स्वतः लिहीत बसत नाहीत.

बाझेलच्या डॉक्टरांशी आणि औषधविक्यांशी पॅरासेल्ससचं वैर होतं, हे खरं. इब्न सिना या मध्ययुगीन इराणी वैद्याच्या परंपरेचा ग्रंथ त्याने भर चौकात होळीत टाकला होता, मग दुसरं काय होणार! पण 1528 मध्ये गाव सुटलं ते फीवरून. एका धर्मगुरूने बरं वाटल्यावर ठरलेले पैसे द्यायला नकार दिला. पॅरासेल्सस कोर्टात गेला, हरला, न्यायाधीशांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि अटक व्हायच्या आत निघून गेला.