‘भावनेच्या भरात’ लिहिणाऱ्या बाईचं उत्तर

फुफ्फुसात पसरलेल्या सार्कोमाच्या (हाडं, स्नायू, चरबी अशा ऊतींत होणाऱ्या कॅन्सरच्या) शस्त्रक्रियेवर मी लिहिलं, त्याखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ती ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख ‘भावनेच्या भरात’ लिहिलाय, शस्त्रक्रियेमुळे माणसं जगत नाहीत, जी तशीही जगणार होती त्यांचीच शस्त्रक्रिया होते, फुफ्फुसातल्या गाठी काढाव्यात की नाही हे तपासणारी २०१९ ची पल्मिक चाचणी बाईंनी वाचलेली दिसत नाही, रुग्ण निवडण्याच्या अटी सोयीने गाळल्यात, रेडिएशनवर एक ओळ नाही, ३६ टक्क्यांचा आकडा चुकलाय, आणि एका नशीबवान रुग्णावरून लोकांना आशेला लावू नये. खाली सही, ‘या क्षेत्रातला एक जण’.

आकड्याचं आधी उरकते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. फुफ्फुसात पसरलेल्या गाठींच्या शस्त्रक्रियांच्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदींमध्ये ५२०६ रुग्ण होते, पण ते सगळ्या प्रकारच्या कॅन्सरचे. सगळ्या गाठी निघालेल्यांपैकी ३६ टक्के पाच वर्षं जगले, तो आकडा सगळ्यांचा मिळून. सार्कोमावाल्यांचा ३१. घाईत चुकीची ओळ उचलली गेली. लेखात दुरुस्त केलंय. पाच टक्क्यांसाठी तीन उद्गारचिन्हं मात्र जास्तच झाली.

आता ‘भावनेच्या भरात’. 

हा शब्द कोणाबद्दल वापरतात ते मला चांगलं माहीत आहे. रुग्णाच्या बहिणीबद्दल, आईबद्दल. रिपोर्टची फाईल छातीशी धरून बसलेल्या, प्रश्न विचारला की ‘तुम्ही शांत व्हा’ ऐकून घेणाऱ्या बाईबद्दल. माझ्या धाकट्या भावाच्या मांडीतल्या सायनोव्हिअल सार्कोमाचं (मऊ ऊतींच्या सार्कोमाचा एक प्रकार) ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आणि सव्वीस महिन्यांनी सीटीत फुफ्फुसात तीन गाठी दिसल्या. उजवीकडे दोन, डावीकडे एक. पहिल्या डॉक्टरांनी फाईल मिटून ‘आता चौथी स्टेज’ एवढंच सांगितलं. सार्कोमा रक्तातून पसरतो आणि बहुतेक वेळा आधी फुफ्फुसातच अडकतो, त्यामुळे कधीकधी तो तेवढ्यातच थांबलेला असतो आणि तिथून काढता येतो, ही साधी गोष्ट मला त्या खोलीत कोणी सांगितली नाही. ती मी रात्री जागून वाचून काढली. त्याला तुम्ही भावना म्हणत असाल तर म्हणा बापडे.

दुसऱ्या सर्जननी कुशीतून छाती उघडली. दुर्बिणीने का नाही, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, स्कॅनला जे दिसत नाही ते बोटांना लागतं. फुफ्फुसातली हवा काढून ते मऊ पडलं की स्पंजमधून बोटं फिरवावीत तसं चाचपायचं, कडक काही लागलं की थांबायचं. उजव्या बाजूला त्यांना तांदळाच्या दाण्याएवढी एक जास्तीची गाठ लागली. सीटीत ती नव्हती. काही आठवड्यांनी डावी बाजू केली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट अजून माझ्याकडे आहे: सीटीतल्या तीन गाठींपैकी एक निव्वळ जुन्या संसर्गाचा व्रण निघाली आणि तो तांदळाचा दाणा सार्कोमा. छाती उघडली नसती तर यातलं काय कळलं असतं, ते क्षेत्रातल्या माणसाने मला सांगावं. (हाताने चाचपणं खरंच गरजेचं आहे की दुर्बीण पुरते, यावर ऑस्टिओसार्कोमाच्या, म्हणजे हाडाच्या सार्कोमाच्या, मुलांमध्ये चाचणी सुरू केलेली आहे. म्हणजे हा प्रश्न माझ्या एकटीच्या डोक्यातला नाही.)

त्यानंतरचे दिवसही मी बघितलेत. छातीतून निघालेली नळी, तिच्या टोकाला पाण्याची बाटली, आणि खोकला आला की पाण्यात उठणारे बुडबुडे. बुडबुडे थांबले की फुफ्फुसाची गळती थांबली. पाच दिवस मी बुडबुडे मोजत बसले होते. उशी पोटाशी दाबून खोकायचं, श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते यंत्र ओढायचं, दुसरा चेंडू वर गेला की हसायचं, आणि हसलं की बरगड्या दुखायच्या. ‘आशेला लावणं’ हा वाक्प्रचार बसल्या बसल्या टाईप करायला सोपा आहे.

आणि ‘नशीबवान’? तुम्ही ‘पुढे काय झालं ते बाई सांगत नाहीत’ असंही खोचकपणे लिहिलंय. सांगते. तिसऱ्या वर्षी डावीकडे पुन्हा एक गाठ आली. पुन्हा छाती उघडली, पुन्हा नळी. लेखात ते लिहिलं नव्हतं, कारण लेख पहिल्या ऑपरेशनवर होता. लपवायचं असतं तर आत्ताही लपवलं असतं. पहिल्या ऑपरेशनला या वर्षी सहा वर्षं होतील आणि तो कामावर जातो. याहून मोठा पुरावा मला नको.

हो, माहीत आहे, तुम्ही म्हणाल हा पुरावा नाही. ‘जी तशीही जगणार होती त्यांचीच शस्त्रक्रिया होते.’ निवड होते, हे नाकारलंय कोणी? मूळ गाठ आटोक्यात हवी, फुफ्फुसाबाहेर कुठे पसरलेलं नको, सगळ्या गाठी काढता यायला हव्यात, माणसाला ऑपरेशन झेपायला हवं. एक गाठ असणाऱ्यांचं चार किंवा जास्त असणाऱ्यांपेक्षा बरं चालतं, आणि मूळ उपचारानंतर जितक्या उशिरा गाठी येतात तितकं चांगलं, हे त्याच १९९७ च्या नोंदींत आहे. मग सर्जन चांगली माणसं वेचतो यात गुन्हा काय? तुमचं म्हणणं असं की वेचलेली माणसं नुसती ठेवली असती तरी तेवढीच जगली असती. असेलही. पण तसं बघायला सार्कोमाच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकून वाटणी कोणी केलेली नाही, त्यामुळे तुम्हालाही ते माहीत नाही, मलाही नाही. फरक इतकाच की मला त्या अज्ञानात सहीचा कागद पुढ्यात घेऊन बसावं लागलं.

पल्मिक मी वाचली आहे. ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर आहे. सार्कोमावर नाही. तीत पुरेशी माणसं जमली नाहीत, शंभराच्या आतच थांबली. शस्त्रक्रिया न झालेले लोक अपेक्षेपेक्षा बरेच जास्त जगले हे खरं, आणि ते वाचून मीही चमकले होते. पण आतड्याच्या कॅन्सरची केमो आणि सार्कोमाची केमो यात किती अंतर आहे? मऊ ऊतींच्या, हाताबाहेर गेलेल्या सार्कोमात डॉक्सोरुबिसिन या एकट्या केमोच्या औषधाने गाठी आकसण्याचं प्रमाण २०१४ च्या चाचणीत १४ टक्के होतं, आयफॉस्फामाइड हे दुसरं औषध जोडून २६. हाती एवढंच असताना चाकू बाजूला ठेवा म्हणणं सोपं नाही.

राहिलं रेडिएशन आणि सुईने गाठ जाळणं. छाती उघडणं झेपत नसेल किंवा गाठ अडचणीच्या जागी असेल तर ते करतात, करावं. माझा विषय तो नव्हता.

‘क्षेत्रातला’ म्हणजे नेमके कुठले, ते पुढच्या वेळी लिहा. ओपीडीत बसत असाल तर पुढची बहीण फाईल घेऊन येईल तेव्हा तिला खुर्ची द्या. आणि निवडीच्या ज्या चार अटी मी ‘सोयीने गाळल्या’ म्हणता, त्या लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात आहेत.